मूल मोठं झालं असं नक्की कधी म्हणायचं?

भाकरतुकडा
मंडळी, परवा घरात एक विषय निघाला आणि तो काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

मुलगा अकरावीत आहे, सतरा पूर्ण. त्याला सुट्टीत पुण्याहून नागपूरला एकट्याने जायचंय, मित्राकडे, रात्रीच्या गाडीने. बायको म्हणाली अजिबात नाही, लहान आहेस. तो म्हणाला पुढच्या वर्षी मला मतदान करता येणार आणि मी लहान कसला. माझं काही ठरेना. तेवढ्यात आमचे अण्णा (माझे वडील, मूळचे माण तालुक्यातले) पेपर खाली ठेवून म्हणाले, "आरं जाऊ दे की त्याला. म्या बाराव्या वर्षी खडी फोडाय व्हतो."

७२ चा दुष्काळ. दिवसभर खडी फोडायची, कामावर सुकडी (पीठगुळाचा कोरडा खाऊ) मिळायची, घरी लाल मिलोची (परदेशातून आलेल्या ज्वारीची) भाकरी. एवढ्या लहान पोराला कामावर घेत नव्हते म्हणून मुकादमाने हजेरीला वय वाढवून लिहिलं, हे मला परवा पहिल्यांदा कळलं.

मुलाने अगदी सहज विचारलं, "मग आजोबा, तुम्ही लहान कधी होतात?"

अण्णा जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि काहीच न बोलता पेपर परत उचलला.

तर मला विचारायचंय की तुमच्याकडे, तुमच्या आईवडलांच्या, आजीआजोबांच्या वेळी, मूल मोठं झालं हे कशावरून ठरायचं? आणि आता कशावरून ठरतं? पूर्वी मुलं लवकर मोठी व्हायची की त्यांना मोठं व्हायला लागायचं?

निवांत_नाना
चांगला विषय. मी दहा वर्षांचा असताना ठाण्याहून रत्नागिरीला एकटा एसटीने गेलोय. वडील कंडक्टरला सांगायचे "पोराकडे लक्ष ठेवा", खिडकीतली जागा धरून द्यायचे, खिशात पाच रुपये, झालं. आता सोसायटीच्या गेटपासून स्कूलबसपर्यंत सोडायला आई जाते आणि दप्तरही तीच उचलते. पूर्वीची मुलं कणखर होती हो. पाठवा नागपूरला, काही होत नाही.

चिमणचारा
आमच्याकडे काका बासष्ट वर्षांचे आहेत आणि आजी अजून शेजाऱ्यांना सांगते "बाळू बाहेर गेलाय, येईल इतक्यात". त्यामुळे आमच्या घरापुरतं उत्तर : कधीच नाही :)

पाटीपेन्सिल
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, आता निवृत्त. भाकरतुकडा, तुमच्या प्रश्नातला "कधी" हा शब्दच मुळात नवा आहे बघा. आमच्या आधीच्या पिढीत वय मोजतच नव्हते, बघत होते.

शाळेत नाव घालायला बाप पोराला घेऊन यायचा. जन्मतारीख विचारली की उत्तर यायचं "म्हस व्याली त्या साली", "थोरल्याच्या पाठचा". कोतवाल बुकात नोंद असली तर असली. मग मास्तर म्हणायचा, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लाव. बोटं कानाला टेकली की घातलं नाव. यात तथ्य आहे बरं का, लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि हात आखूड, साधारण सहा वर्षांच्या पुढेमागे हात पोचतो. टेकले नाहीत तर "पुढच्या साली आण". काही पोरं मान वाकडी करून करून कान बोटाजवळ आणायची, शाळेत यायची इतकी हौस!

आणि रजिस्टरात तारीख टाकायची १ जून. शाळा जूनमध्ये सुरू, म्हणजे त्या दिवशी पोराला सहा पूर्ण, हिशोबाला सोपं. मी स्वतः जुनी जनरल रजिस्टरं चाळलीत, पानंच्या पानं १ जून, १ जून, १ जून, वरपासून खालपर्यंत एकाच शाईत. त्यामुळे महाराष्ट्रात ३१ मेला सरकारी कार्यालयांत एकदम इतके निरोपसमारंभ असतात. त्यातल्या बऱ्याच जणांचा खरा वाढदिवस कुणालाच माहीत नाही.

जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९ चा. दाखला घेऊन पोर शाळेत यायला लागलं ते त्याच्याही बरंच नंतर. तेव्हापासून मूल मोठं झालं की नाही हे कागद सांगायला लागला, त्याआधी कान सांगायचा.

भाकरतुकडा
गुरुजी, अण्णांचाही १ जूनच! १ जून १९६०. एसटीतून ३१ मे २०१८ ला निवृत्त झाले. म्हणजे एकदा मास्तरांनी वय लिहिलं आणि एकदा मुकादमाने, दोन्ही वेळा अंदाजे.

सायसाखर
माझ्या सासऱ्यांचा, त्यांच्या दोन्ही भावांचा आणि एका बहिणीचा, चौघांचा १ जून. एकच केक.

गोदाकाठ
नाना, तुमचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही म्हणून पहिल्यांदाच लिहितेय, एरवी फक्त वाचते.

कणखर नव्हती हो पूर्वीची मुलं, गप्प होती. मी बीड जिल्ह्यातली. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला "कोयता" म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, सुट्ट्या माणसाला कोण विचारतं. मग पोरगं सतराअठराचं झालं की त्याचं लग्न लावायचं, म्हणजे घरात एक कोयता वाढतो. आणि पोरीचं काय, आईबाप सहा महिने कारखान्यावर, पोर न्हातीधुती झालेली, तिला मागे कुणाजवळ ठेवायची? त्यापेक्षा उजवून टाका. माझ्या आईचं तेराव्या वर्षी झालं, मोठ्या बहिणीचं पंधराव्या. आईला विचारलं तर सांगते, "पदर आला, की झालं लहानपण." तिच्याकडे मधली पायरीच नाही. काल पोर, आज बाई. कुमारवय, टीनएज वगैरे जे आपण म्हणतो ते तिला मिळालंच नाही.

मी वाचले कारण आमच्या गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं आणि बाईंनी माझं नाव त्यात टाकलं. तोवर दर दिवाळीनंतर मी बैलगाडीत, कोपीत (कारखान्यावरच्या पाचटाच्या झोपडीत) राहायचं, धाकट्याला सांभाळायचं, आई मोळ्या बांधायची. मी आठ वर्षांची होते आणि माझ्या कडेवर सतत एक मूल असायचं. डाव्या कडेवर, कारण उजवा हात कामाला लागतो. आजही उभी राहिले की माझी डावी बाजू आपोआप बाहेर येते, नवऱ्याने दाखवून दिलं तेव्हा कळलं.

आणि हे जुनं नाही बरं का. शेवटच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रात विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या मुलींत साधारण २२ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. बीड, परभणीत चाळीस टक्क्यांच्या वर. तेव्हा "पूर्वी" आणि "आता" असं पंचांगावरून सांगता येत नाही, एकाच साली पुण्यातलं मूल सतराव्या वर्षी लहान असतं आणि आमच्याकडचं तेराव्या वर्षी थोर.

चिमणचारा
गोदाकाठ, लिहीत जा. डाव्या कडेचं वाचून थांबले.

पाटीपेन्सिल
ताई, तुमच्या त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. हजेरीत नाव टिकवणं किती अवघड असतं ते मी जाणतो.

वकीलवहिनी
कायद्याचं थोडं सांगते, कारण सतरा वर्षांच्या मुलाचा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि त्याच्या आईचाही.

आपल्या कायद्यात मूल एका दिवसात मोठं होत नाही, हप्त्याहप्त्याने होतं. सक्तीचं मोफत शिक्षण चौदापर्यंत (२००९ चा कायदा). चौदाच्या आत कामाला ठेवता येत नाही, मात्र २०१६ च्या दुरुस्तीत घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत चालते असं ठेवलंय. सोळाव्या वर्षी बिनगिअरची पन्नास सीसीपर्यंतची गाडी. अठराव्या वर्षी मत, तेही १९८९ पासून, त्याआधी एकवीस होतं. मुलीचं लग्न अठरा, मुलाचं एकवीस. मुलींचंही एकवीस करायचं विधेयक २०२१ मध्ये आलं होतं पण ते पुढे गेलं नाही. गंभीर गुन्हा केला तर २०१५ च्या कायद्याने सोळाच्या पुढच्या मुलाला मोठ्यासारखं उभं करता येतं, आधी त्याची मानसिक तयारी तपासून. आणि महाराष्ट्रात कडक दारूच्या परवान्याला पंचवीस, गोव्यात तेच अठरा! म्हणजे बांदा ओलांडून पत्रादेवीला गेलं की माणूस सात वर्षांनी मोठा होतो.

लग्नाचं वय बघा कसं सरकत आलं. शारदा कायदा १९२९ चा, लागू १ एप्रिल १९३० पासून, तेव्हा मुलगी चौदा आणि मुलगा अठरा. १९४९ ला मुलगी पंधरा. १९७८ ला अठरा आणि एकवीस. माझ्या आजीचं लग्न घाईघाईने मार्च १९३० मध्ये लागलं होतं, तेव्हा ती नऊ वर्षांची. कायदा लागू व्हायच्या आत लग्नं उरकायची अशी तेव्हा सगळीकडेच धांदल उडालेली. ती सांगायची, मांडवात झोप लागली म्हणून मामाने कडेवर घेऊन अक्षता पाडल्या.

जुनी_पेठ
वहिनींच्या प्रतिसादाला जोडून. मला वाटतं आपल्याकडे "मूल म्हणजे काय" यावर पहिला मोठा जाहीर वाद झाला तो रखमाबाईंच्या खटल्यात.

अकराव्या वर्षी लग्न झालेलं, पण नांदायला गेल्याच नाहीत. नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला की बायको ताब्यात द्या. त्यांचं म्हणणं साधं होतं, ज्या वयात मला काही कळत नव्हतं त्या वयातलं लग्न माझ्यावर बंधनकारक कसं? पहिला निकाल त्यांच्या बाजूने गेला, मग अपील, आणि १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत, राजकोटला वर्षानुवर्षं काम केलं. १९५५ पर्यंत जगल्या!

लगेच १८९१ चा संमतिवयाचा कायदा, म्हणजे ज्या वयाच्या आत मुलीशी, ती बायको असली तरी, शरीरसंबंध हा गुन्हा. दहाचं वय बारा केलं, फक्त बारा, आणि तेवढ्यावरून पुणं पेटलं. टिळक विरोधात होते, सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, सुधारणा समाजातून व्हावी असं त्यांचं म्हणणं. आज वाचताना आश्चर्य वाटतं की दोन्ही बाजूंची मोठी शहाणी माणसं दहा का बारा यावर हमरीतुमरीवर आली होती. कारण त्या वेळच्या शास्त्रीबुवांच्या तोंडी होतं "अष्टवर्षा भवेद् गौरी, नववर्षा तु रोहिणी", आठाची गौरी, नवाची रोहिणी, दहाची कन्या आणि तिथून पुढे मुलगी घरात ठेवणं म्हणजे बापाला पाप. घोडनवरी हा शब्द कुणाला लावायचे माहितीये? चौदापंधराच्या मुलीला!

रणधुरंधर
पण मोठं व्हायला लावलं म्हणून काहीतरी घडलंही ना. ज्ञानेश्वरी सांगितली तेव्हा माउली पंधरासोळाची. संभाजीराजे नऊ वर्षांचे असताना आग्र्याला. थोरले माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे, तेही पानिपतानंतर सगळं मोडून पडलेलं असताना. नंदुरबारचा शिरीषकुमार १९४२ ला तिरंगा हातात घेऊन गोळ्या झेलतो तेव्हा पंधरा. आपण मुलांना कमी लेखतोय आज, असं मला मनापासून वाटतं.

गोदाकाठ
कमी लेखू नये हे पटतं. पण तुम्ही सांगितलेल्या मुलांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. माझ्या आईच्या वयाच्या ज्या मुली चौदाव्या वर्षी पहिल्या बाळंतपणात गेल्या त्यांच्या नावाची नोंद कुठे आहे?

आनंदीबाई जोशींचंच बघा, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळ आणि ते दहा दिवसांत गेलं. एवढी हुशार बाई १८८६ ला डॉक्टर झाली आणि १८८७ ला गेलीसुद्धा, बाविसाव्या वर्षाच्या आत.

रणधुरंधर
याला माझ्याकडे उत्तर नाही ताई. मान्य.

लालबाग_परळ
गिरणगावातलं ऐका. आमचे पणजोबा घाटावरून मुंबईला आले आणि दहाअकरा वर्षांचे असताना गिरणीत लागले, हाफटायमर, म्हणजे अर्ध्या वेळेचे पोरकामगार. बॉबिनी भरायच्या, काढायच्या, तुटलेला धागा जोडायला मशिनीच्या खाली घुसायचं, मोठ्या माणसाचा हात जात नाही तिथे पोराचा जातो. बोटं बारीक हीच लायकी.

१८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला त्यात लिहिलं होतं की सात वर्षांच्या आतलं मूल कामाला ठेवू नये आणि सात ते बारा वयाच्या मुलाला दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये. हे त्या काळी मुलांवर केलेले उपकार! १८९१ ला वय नऊ आणि तास सात केले. १९२२ ला बारा वर्षं आणि सहा तास. त्या १९२२ च्या कायद्याने पणजोबांचं काम गेलं. घरात रडारड, कारण तो पगार गेला. ते स्वतः सांगायचे की मला वाटलं आता शाळेत घालतील, पण शाळेची फी कोण भरणार, मग खानावळीत ताटं उचलायला ठेवलं. कायद्याने लहान ठरवलं तरी लहान राहायला पैसे लागतात.

रानवाट
याला तोड शाहू महाराजांनी काढली होती. कोल्हापुरात १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. बडोद्यात सयाजीरावांनी त्याही आधी, अमरेलीत १८९३ ला सुरू करून १९०६ ला सगळ्या संस्थानात. गोखल्यांनी १९११ ला कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात असंच विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. सगळ्या मुलांना बालपण द्यायचं तर आधी त्यांना दिवसा बसायला जागा पाहिजे, ती म्हणजे शाळा. ती जागा २००९ चा कायदा येईपर्यंत हक्काची नव्हती, शंभर वर्षं गेली मधे.

सायसाखर
अवांतर : शाळेवरून आठवलं, आपलं वय खरं तर पाठ्यपुस्तकांनीच ठरवलंय की. आठवीपर्यंत बालभारती, नववीदहावीला कुमारभारती आणि अकरावीत एकदम युवकभारती! मला आठवतंय, अकरावीचं मराठीचं पुस्तक हातात आलं तेव्हा मुखपृष्ठावरचा "युवक" शब्द बघून मी मैत्रिणीला म्हटलं होतं, आता आपल्याला कुणी ओरडू शकत नाही. संध्याकाळी सातनंतर घरी आले म्हणून त्याच दिवशी ओरडा खाल्ला.

चिमणचारा
मग भाकरतुकडांचा मुलगा युवकभारतीत आहे, पाठवा नागपूरला. निकाल लागला!

दूरदेशी_मीना
मी जर्मनीत असते, मुलगी दुसरीत. इथे पहिलीपासून मुलं शाळेत एकटी चालत जातात, सहा वर्षांची. सुरुवातीला मी रोज मागेमागे जायचे तर तिच्या बाईंनी प्रेमाने सांगितलं, तिला जाऊ दे, रस्ता तिचा होऊ दे. सोळाव्या वर्षी दुकानात बिअर मिळते इथे, माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा तिने फोनवरच देवाचं नाव घेतलं.

नाना म्हणतात पूर्वीची मुलं एकटी जायची कारण ती कणखर होती. मला वाटतं ती जायची कारण कंडक्टर होता. इथे गाड्या शाळेजवळ हळू जातात, फुटपाथ आहेत, कोपऱ्यावरची बेकरीवाली पोरांना नावाने ओळखते. भारतात आले की मीच तिचा हात सोडत नाही, पोर तीच असते.

थरावरचा
दहीहंडीचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. मी सहाव्या वर्षी आमच्या मंडळाचा सर्वात वरचा गोविंदा होतो. अंगाने हलका, पायाची बोटं चिकट. खालून सगळी वाडी नाव घेऊन ओरडायची, तेव्हा मला मी केवढा मोठा आहे असं वाटायचं, आणि घरी येऊन आईच्या कुशीत झोपायचो. मग २०१४ ला हायकोर्टाने अठराच्या आतल्या मुलांना मनाई केली, २०१७ ला ते चौदावर आलं. तेव्हा चिडलेल्यांत मीही होतो, आमची परंपरा वगैरे. आता माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. परवा तो कपाटावर चढून बसला होता, पाचएक फूट असेल, आणि माझे हातपाय गार पडले. आमचा वरचा थर किती फुटांवर असायचा हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं.

ऋतुगंध
एक दुसरी बाजू. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, खाली दुकानात एकटी पाठवत नाही मी, पण मोबाइल तिच्या हातात आहे आणि त्यात तिने काय काय बघितलंय ते मी लग्न होईपर्यंत बघितलं नव्हतं. म्हणजे पायांनी लहान आणि डोळ्यांनी मोठी. माझ्या आजीचं उलटं होतं, तिने नऊवारी नेसून संसार केला पण दुपारी माजघरात सागरगोटे खेळायची, सासू झोपली की. कुठलं बरं ते मला खरंच ठरवता येत नाही.

निवांत_नाना
सगळे प्रतिसाद वाचले, गोदाकाठ ताईंचा दोनदा वाचला. मी वर लिहिलं त्यात एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती आता सांगतो.

त्या रत्नागिरीच्या गाडीत मी महाडपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडलो होतो. आईला बरं नव्हतं म्हणून मला आजोळी पाठवत होते आणि मला कुणी काही सांगितलं नव्हतं. कंडक्टरने ते ओळखलं, महाडला मला खाली घेऊन गेला, वडा घेऊन दिला आणि पुढचा सगळा प्रवास तिकिटाचं पंच माझ्या हातात दिलं. मी टकटक वाजवत बसलो. साठ वर्षं मी ही गोष्ट "एकटा गेलो" अशी सांगत आलोय. मीनाताई बरोबर म्हणतात, एकटा नव्हतो.

वकीलवहिनी
नाना 🙏

पाटीपेन्सिल
भाकरतुकडा कुठे गेले? अण्णांना परत विचारलं का?

भाकरतुकडा
आहे गुरुजी, सगळं वाचतोय. मुलगा नागपूरला गेला, दिवसाच्या गाडीने, बायकोने आणि त्याने मधला रस्ता काढला. दर मोठ्या स्टेशनवर एक मेसेज.

जायच्या आदल्या रात्री मी अण्णांना हा धागा वाचून दाखवला. कानाला हात लावायचं ऐकून हसले, म्हणाले माझा लागला नव्हता, मास्तर ओळखीचा होता म्हणून घेतला. मग बराच वेळ शांत होते आणि नातवाकडे बघून म्हणाले, तू इचारलं व्हतंस न्हवं, ल्हान कवा व्हतो.

मग त्यांनी सांगितलं. कोयनेचा भूकंप झाला, डिसेंबर १९६७, पहाटे. आदल्या संध्याकाळी त्यांचा पुढचा दात पडला होता. आजी म्हणाली रात्रीचा टाकायचा नाही, सकाळी माळवदावर टाक म्हणजे नवा चांगला येतो. दात मुठीत धरूनच झोपले. पहाटे जमीन हलली, उतरंडीची मडकी खाली आली, आजीने त्यांना उचललं आणि सगळे बाहेर पळाले. अख्खं गाव देवळापुढच्या मोकळ्या जागेत थंडीत बसलेलं. आणि अण्णांच्या लक्षात आलं की मूठ रिकामी आहे. त्यांनी जो हंबरडा फोडला तो भूकंपाचा नव्हता, दाताचा होता.

"आय म्हणली गप ऱ्हा, पर माझा बा उठला. लोकं म्हणत व्हती आत जाऊ नगं, परत हालंल. कंदील घेतला आन गेला. म्या दारातनं बघत व्हतो, गुडघ्यावं बसून वाकळा झाडत व्हता."

मुलाने विचारलं, "सापडला?"

"सापडला की. दुपारी टाकला माळवदावर, त्येनंच उचलून धरलं मला."